खुंट्या ओसरीवर, कढई भुईवर

माझ्या सासरच्या घरात ओसरीवर सात खुंट्या होत्या आणि सैपाकघरात एकही नव्हती. ही गोष्ट मी आजवर ज्याला ज्याला सांगितली तो प्रत्येक जण "बरं, मग?" असं म्हणाला. त्या "बरं, मग?"चा मला जितका राग येतो तितका खुंट्यांचाही येत नाही. म्हणून आता लिहूनच काढते. वाचणाऱ्याला मध्ये बोलता येत नाही, हे एक बरं असतं.

गाव अमळनेरपासून एसटीनं पाऊण तासावर. घर धाब्याचं, म्हणजे वर मातीचं सपाट छत, त्याखाली सागाचे जाड सर, आणि भिंती हातभर रुंद, पांढऱ्या मातीच्या. ओसरी आणि सैपाकघर यांच्यामध्ये एकच भिंत. त्या भिंतीच्या ओसरीकडच्या अंगाला ओळीनं सात खुंट्या, सागाच्या, कातलेल्या, पुढे कमळाच्या कळीसारखं टोक. घर बांधतानाच भिंतीत खोल बसवलेल्या. पहिलीवर आबांची टोपी. आबा म्हणजे माझे सासरे. दुसरीवर आबांचा कोट, जो ते वर्षातून चारदा घालत. तिसरीवर आमच्या ह्यांची छत्री, उन्हाळ्यातसुद्धा. चौथीवर कंदील. पाचवीवर बैलांच्या घुंगुरमाळा, ज्या पोळ्याच्या दिवशी उतरत आणि पोळा सरला की परत चढत. सहावीवर कागदांची पिशवी. आणि सातवी रिकामी! सातवी कशाला, तर पाहुण्याला पागोटं ठेवायला. महिन्यातून दोनदा पाहुणा येई. त्याच्यासाठी अठ्ठावीस दिवस एक खुंटी हात पुढे करून उभी.

आणि भिंतीच्या अलीकडे, आमच्या अंगाला, काय? काही नाही. चूल, तिच्याशेजारी जातं, पाण्याची उतरंड, आणि कोपऱ्यात भुईवर बिडाची कढई.

ही कढई अक्कांची. अक्का माझ्या सासूबाई. सगळं गाव त्यांना अक्का म्हणे, मीही म्हणायची. कढई त्यांना त्यांच्या आईनं दिलेली. दोन कान असलेली, खोल, ओतीव, आणि वजनाला एवढी की वर्षाचं पोर कडेवर घ्यावं. तिच्यातली शेव कधी करपली नाही आणि वांग्याच्या भरताला तिच्यात फोडणी बसली की वास वेशीपर्यंत जाई. जोडीला बिडाचा तवा. आता बीड म्हणजे ओतीव लोखंड, त्याला ओल सोसत नाही. आणि आमची भुई शेणानं सारवलेली. एक दिवसाआड सारवायचं, म्हणजे एक दिवसाआड ओल. अक्का दर सारवणाला ती कढई उचलून अंगणात नेत, सारवण सुकलं की परत आणत, बुडाला तांबूस डाग दिसला की चिंधीनं पुसत, चुलीवर कोरडी तापवत, तेलाचा हात फिरवत. कंबरेवर एक हात, दुसऱ्या हातात कढई, असं त्यांचं अंगणातलं चालणं मला अजून दिसतं.

त्यांना सराला एक कडी हवी होती. बस्स. वरच्या सराला लोखंडी कडी, तिला साखळी, साखळीला आकडा. चुलीच्या उबेत कढई टांगलेली राहिली की गंज नाही, उचलणं नाही, ठेच नाही. हे त्यांनी आबांना सांगितलं होतं. कधी सांगितलं होतं? माझे यजमान पाळण्यात असताना! आबा म्हणाले होते, "सुतार येईल तेव्हा बघू." सुतार दरवर्षी यायचा. पेरणीची पाभर नीट करायचा, गाडीचं चाक बघायचा, ओसरीवर चहा प्यायचा, जायचा. सैपाकघरात सुतार कशाला जाईल? तिथं काय पिकतं?

या घरात मी आले धुळ्याहून, मॅट्रिक पास होऊन. हे "मॅट्रिक पास" तेव्हा मी नाकावर बसवून फिरायची. आमचं धुळ्याचं घर विटांचं, चुन्याचं. भिंतीत खिळा मारला की मारला, त्याच्यावर माणूस टांगा. मला वाटे, जगातल्या सगळ्या भिंती अशाच असतात आणि जगातली सगळी भांडी पितळेची. म्हणून लग्नानंतर आठव्या दिवशी, सासूचं मन जिंकायला, मी काय केलं? ती काळी कढई घेतली, राख घेतली, विटेचा चुरा घेतला, आणि आडाजवळ बसून दुपारभर घासली. इतक्या वर्षांचं तेल पिऊन आलेलं तिचं ते काळं तुकतुकीत अंग मी खरवडून काढलं. हात सोलले. कढई करडी, फिक्कट, एखाद्या आजारी माणसासारखी दिसायला लागली. मी ती अक्कांपुढे धरली आणि बक्षिसाची वाट बघत उभी राहिले.

अक्कांनी कढईकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "उद्या देखजो."

दुसऱ्या दिवशी पाहिलं. कढई गेरूनं रंगवल्यासारखी तांबडी.  अक्कांनी मला समोर बसवलं आणि महिनाभर माझ्याकडून तिला तेल चोळून घेतलं, तापवून घेतलं, परत चोळून घेतलं. मी तेव्हा मनात म्हणे, किती छळतात! आता त्या नवरीला कोणी माझ्यापुढे आणलं तर मी तिला दोन महिने चोळायला लावीन.

या महिनाभरात मला एक कळलं, की कढई खाली असेपर्यंत हे तेल-गंज कधी संपायचं नाही. मी रात्री ह्यांना म्हटलं, "सैपाकघरात सराला एक कडी लावून द्या ना."

"आबांना सांगतो."

आठ दिवसांनी विचारलं, "सांगितलं का?"

"अगं, पेरण्या आहेत."

पेरण्या झाल्या. मग निंदणी होती. मग पोळा होता. मग कापूस होता. मला या माणसाचा काही राग नाही, देवमाणूस होता. पण एका कडीसाठी बायकोनं किती नक्षत्रं मोजायची?

तेव्हा मॅट्रिक पास बाईंनी ठरवलं, आपणच करायचं. सरापर्यंत माझा हात पुरेना. भिंत मात्र समोरच होती. गाडीच्या सामानातला एक वीतभर खिळा घेतला, वरवंटा घेतला, आणि जिथं अक्का भाकरी करायला बसत त्याच्या बरोब्बर वर, हाताला येईल अशा उंचीवर ठोकला. दहा ठोक्यांत खिळा आत. मला काय अभिमान! वाटलं, काय ताकद आहे माझ्या मनगटात. मातीच्या भिंतीत खिळा लोण्यातल्या सुरीसारखा जातो, आणि जसा जातो तसाच येतो, हे कळायला मॅट्रिकला विषय नव्हता.

अक्का परसातून आल्या. म्हणाल्या, "भितले नको टांगू वं पोरी. सरले टांग."

"सराला हात पुरत नाही, अक्का. आणि चांगला पक्का बसलाय."

"माटीनी भीत शे. ती कढई बीडनी शे."

"असू दे. पडली तरी लोखंडाला काय होतंय?"

"लोखंड वाकस," अक्का म्हणाल्या. "बीड फुटस."

मी हसले. लोखंड फुटतं म्हणे! म्हातारी माणसं काय काय समजुती धरून बसतात, असं मला वाटलं. अक्का तेव्हा पन्नाशीच्याही नव्हत्या.

पण त्यांनी खिळा काढायला लावला नाही. हे मला पुष्कळ वर्षं कोडं होतं. त्यांना माहीत होतं ना, मग का नाही काढायला लावला? त्यांनी फक्त पुढे येऊन खिळ्याला बोट लावलं, जरा हलवून पाहिलं, आणि पदरानं त्याच्यावरची माती पुसली. मग कढई स्वतःच उचलून कानाच्या कडीनं अडकवली, तोंड भिंतीकडे करून, म्हणजे धूळ बसू नये. आणि मागे सरून बघत राहिल्या. त्या घरात तोवर त्यांच्यासाठी कोणी काही ठोकलंच नव्हतं.

पंधरा-वीस दिवस ठीक गेले. बीड गंजलं नाही, सारवण झरझर व्हायला लागलं. मी तर माहेरी पत्रही लिहिलं, की मी सासरी सुधारणा केली.

आणि मग घरात रेडिओ आला.

सदुसष्ट-अडुसष्ट साल असेल. कापूस बरा झाला होता. हे जळगावला गेले आणि चामड्याच्या पेटीतला ट्रान्झिस्टर घेऊन आले. गावात तिसरा. ओसरीवर जत्रा भरली. आता हा रेडिओ ठेवायचा कुठे? कंदील हलवायचा नाही, टोपी हलवायची नाही, पाहुण्याची खुंटी तर देवाची. आणि भुईवर? छे! आबा म्हणाले, "भुईवर ओल असते. यंत्र खराब होईल."

भुईवर ओल असते! हे त्यांना माहीत होतं! मी दाराआडून ऐकलं आणि माझा जीव नुसता फडफडला.

तर दुसऱ्या दिवशी सकाळी सुतार हजर. आठवी खुंटी. माझ्या यजमानांच्या पाळण्यापासून जो सुतार सैपाकघरात आला नाही, तो रेडिओसाठी एका रात्रीत आला. त्यानं सागाचा जाड खुंटा आणला, भिंतीत आधी भोक पाडलं, आणि मोठ्या मोगरीनं तो खुंटा ठोकायला लागला. भिंत एकच. तिकडून एक ठोका, इकडे उतरंडीवरचं झाकण थरथरे. अक्का भाकरी थापत बसल्या होत्या, मी लाकडं सारत होते. भिंतीतून मातीचे बारीक कण परातीत पडले. अक्कांनी वर पाहिलं.

त्यांनी हाक मारली, "ओ, जरा थांबा!"

तिकडे रेडिओ लागलेला. बाजारभाव चालले होते. कोणी ऐकलं नाही. पुढचा ठोका बसला आणि माझा वीतभर खिळा, एवढ्या ताकदीनं ठोकलेला, मूठभर मातीसकट बाहेर आला.

कढई आधी जात्याच्या पाळीवर आदळली. खण्ण असा आवाज झाला, आणि काठाचा एक तुकडा कानासकट उडून चुलीपाशी पडला. लोखंड फुटलं. मी ते डोळ्यांनी पाहिलं. आणि उरलेली कढई कलंडून अक्कांच्या डाव्या पायावर.

अक्का ओरडल्या नाहीत. त्यांनी श्वास आत घेतला तो किती तरी वेळ बाहेर सोडलाच नाही. ओसरीवरून आबांचा आवाज आला, "काय पाडलं गं? जरा हळू! ऐकू येत नाही."

जरा हळू!

मी ओरडले. काय ओरडले ते आठवत नाही, पण हे धावत आले. गाडी जुंपली, अक्कांना उचलून ठेवलं, अमळनेरला डॉक्टरकडे नेलं. दोन बोटांची हाडं मोडली होती. सव्वा महिना पाय भुईला लावायचा नाही, डॉक्टरांनी सांगितलं.

संध्याकाळी ओसरीवर निकाल लागला. आबा म्हणाले, "सूनबाईंनी मातीच्या भिंतीत खिळा ठोकला. शिकलेल्या आहेत." आलेल्यांनी माना हलवल्या. कोणी म्हणालं, शहरातल्या पोरींचं असंच. आठव्या खुंटीबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही. ती खुंटी भिंतीवर, रेडिओ खुंटीवर, आणि रेडिओत कोणी तरी शेतकरी बांधवांना खतं कशी द्यावीत ते सांगत होतं.

आणि मी काय केलं? रडले. दोन दिवस रडले, तिसऱ्या दिवशी पाण्याच्या हंड्यापुढे उभी राहून आबांना देण्याची उत्तरं पाठ केली. काय एकेक वाक्यं होती! हंडा निरुत्तर झाला. आबा समोर आले की मात्र मी डोक्यावरचा पदर पुढे ओढून बाजूला व्हायची. अशी माझी शूरता.

शेवटी अक्कांपुढेच बोलले. त्या बाजेवर पडलेल्या, पाय उशीवर. म्हटलं, "अक्का, चूक माझीच आहे. तुम्ही सांगितलं होतं."

"हाव," त्या म्हणाल्या. "खिया तुन्हा." जरा थांबल्या. "खुटी त्यासनी." आणि पायाकडे बोट करून म्हणाल्या, "आनि पाय मन्हा."

खिळा तुझा, खुंटी त्यांची आणि पाय माझा. इतकी नेमकी वाटणी तलाठ्यानंही केली नसती. त्यात माझा वाटा होता, तो मी घेतला. पण बाकीच्यांचा वाटा कोणी घ्यायचा?

पाचव्या-सहाव्या दिवशी अक्का काठी टेकत, माझ्या खांद्यावर भार देत सैपाकघरात आल्या. पाय लावायचा नव्हता, पण त्यांना माझ्या हातची भाकरी गिळेना. बसल्या त्या नेहमीच्या जागी. आणि मी पाहिलं, की त्या परातीकडे बघतच नव्हत्या. एक डोळा भिंतीवर. तिथं आता खिळा नव्हता, कढई नव्हती, नुसतं भोक होतं. तरी पलीकडे कोणी खुंटीवर छत्री अडकवली की त्या मान आत ओढून घेत. ज्या बाईनं तीस वर्षं त्या जागेवर राज्य केलं ती आता तिथं भीत भीत बसत होती. माझ्या डोक्यात काही तरी तडकलं. बीडच असावं.

मी उठले. एका कानाची कढई उचलली, तवा उचलला, आणि ओसरीवर गेले. ओसरी रिकामी होती, माणसं शेतात. रेडिओ खाली काढला. त्याच्या जागी आठव्या खुंटीवर कढई टांगली. आबांची टोपी त्यांच्या डोक्यावर शेतात गेलेली, तेव्हा पहिल्या खुंटीवर तवा. आणि रेडिओ आणून सैपाकघरात कोपऱ्यात, कढईच्या जागी, भुईवर ठेवला. त्याच दिवशी सारवलेल्या भुईवर.

आता आमच्याकडची एक रीत सांगायला हवी. घरातला तवा आणि कढई परक्याच्या नजरेला पडू देत नाहीत. ती भांडी ओसरीवर एकाच प्रसंगी येतात: भावाभावांच्या चुली वेगळ्या होतात तेव्हा. भांडी बाहेर मांडली की पंच वाटणी करतात. म्हणून कोणाच्या ओसरीवर काळा तवा दिसला की गाव काय ते समजतं. हे मला माहीत होतं का? होतं. अक्कांनीच सांगितलं होतं.

दुपारपर्यंत गल्लीतनं चार माणसं उगीचच येऊन गेली. संध्याकाळी आबा वेशीतून येत होते तेव्हा पारावरून कोणी तरी हाक मारली, "आबा, बठ्ठं ठीक शे ना? वाटणी व्हयनी का?"

आबांना एकच मुलगा. वाटणी कोणाशी? ते तसेच तरातरा घरी आले आणि ओसरीवर थबकले.

आधी हे आत आले. "रेडिओ कुठंय?"

मी कोपऱ्याकडे बोट केलं.

"अगं, खाली ठेवलास? ओल लागेल त्याला!"

"कढईलाही लागते," मी म्हटलं.

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग अक्कांकडे. अक्का पिठात पाणी घालत होत्या, एकदम मन लावून. ह्यांनी रेडिओ उचलला, धोतराच्या सोग्यानं पुसला, आणि हातात घेऊन उभे राहिले. ठेवायला जागाच नव्हती.

ओसरीवरून आबा म्हणाले, "सूनबाई, हे आत घ्या."

मी दाराआडून म्हटलं, "आत जागा नाही, आबा." माझा आवाज चिरकला, पदराची गाठ मारून मारून चिंधी झाली. पण बोलले. हंड्यापुढे पाठ केलेलं एकही वाक्य आठवलं नाही. हे चारच शब्द आठवले.

आबांना भांड्याला हात लावणं कमीपणाचं, त्यामुळे त्यांनी काढलं नाही. ह्यांनी काढलं असतं, पण हातात रेडिओ. भाकरीला लागतो म्हणून तवा मी आत घेतला, पण कढई दोन दिवस तिथंच राहिली.

तिसऱ्या दिवशी अमळनेरचे शेठजी आले. मूळचे राजस्थानचे, कापसाचे व्यापारी, दरवर्षी आमचा कापूस बघायला येत. वजनदार माणूस, पागोटं केशरी, जिभेवर साखर. त्यांना बसायला तक्क्या होता तो नेमका आठव्या खुंटीखाली. शेठजी टेकले. पागोटं सातवीवर ठेवायला त्यांनी मान वर केली आणि ती कढई त्यांना दिसली. फुटलेल्या काठाची, एका कानावर लोंबणारी.

शेठजी जरा डावीकडे सरकले. कापसाची गोष्ट सुरू झाली. मी दाराच्या फटीतून बघत होते. शेठजी बोलता बोलता वर बघत आणि आणखी एक वीत सरकत. आबांनाही सरकावं लागे. आबा सरकले की हे सरकत. असं करत करत कापूस ठरायच्या आत तिन्ही पुरुष ओसरीच्या दुसऱ्या टोकाला, घुंगुरमाळांच्याही पलीकडे, एकमेकांना चिकटून बसले. मधली सगळी ओसरी मोकळी.

शेवटी शेठजींना राहवलं नाही. "आबासाहेब, माफ करा. पण ही माणसाच्या डोक्यावर पडली म्हणजे?"

  आणि आतून आवाज आला. परक्या पुरुषापुढे अक्का तीस वर्षांत बोलल्या नव्हत्या.

"पडत नही, शेठजी. सागनी खुटी शे. सुतारनी ठोकेल शे."

शेठजी म्हणाले, "मग तुमची आतली खुंटी तर याहून पक्की असेल, अक्का."

आतून नुसता भाकरी थापल्याचा आवाज आला. शेठजींनी आबांकडे पाहिलं. ओसरीच्या टोकाला अंग चोरून बसलेल्या आबांनी त्या मोकळ्या तक्क्याकडे पाहिलं, मग कढईकडे, मग भिंतीकडे. भिंतीपलीकडे नेमकी त्याच जागी कोण बसतं, हे त्यांना आता उमगलं असावं. का आधीपासून माहीत होतं, देव जाणे. मला अजूनही ठरवता येत नाही, आणि दोन्हींपैकी कशाचा जास्त राग धरावा हेही.

दुसऱ्या दिवशी सुतार आला. या वेळी आत आला, सैपाकघरात, बिचारा अंग आखडून. आबा दारात उभे. सुतारानं त्यांनाच विचारलं, "आबा, कुठे लावू?"

आबांनी तोंड उघडलं, आणि मिटलं. त्यांना सांगताच येईना. तीस वर्षं त्या चुलीचं खाल्लं, पण चूल कुठल्या तोंडाची आहे हे बघितलं कधी होतं?

अक्कांनी सैपाकघरात आणून ठेवलेल्या बाजेवरून सांगितलं. सराला कडी, पण चुलीच्या अगदी वर नाही, वाफ लागते. उतरंडीवर नाही, पाणी सांडतं. चूल आणि दार यांच्या मधल्या सराला, जिथं कोणी बसत नाही, निजत नाही, पोरं रांगत नाहीत. साखळी इतकी लांब की टाच न उचलता हात पोचावा. जड कढई खालच्या आकड्याला, तवा तिच्या वर. आणि कडी खिळ्याची नाही, सर आरपार भेदून पलीकडून वाकवलेली. सुतार "हाव अक्का, हाव अक्का" करत गेला. इतकी वर्षं मनात घासून घासून त्यांनी ती कडी कधीच बसवून ठेवलेली होती.

कडी बसली. साखळी सोडली. मी कढई आणून आकड्याला अडकवली. सुतारानं साखळीला लोंबकळून दाखवलं, "बघा, माणूस झेलते."

अक्का म्हणाल्या, "तू नको." मग आबांकडे बघून म्हणाल्या, "तुम्ही बठा खाले."

मला वाटलं, आता घर पडतं. सुतार हत्यारं गोळा करायला लागला. पण आबा आले. पायातले जोडे काढले, टोपी सारखी केली, आणि त्या कढईखाली मांडी घालून बसले. लग्नात बोहल्यावर बसले होते तेव्हाही इतके ताठ बसले नसतील.

अक्का माझ्या खांद्याला धरून उठल्या, एका पायावर चुलीपाशी आल्या, पीठ ओढलं. मी पान मांडलं. कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाची, गरम भाकरी, ठेचा, वर तेलाची धार. आबा घास तोडायचे, वर बघायचे. चावायचे, वर बघायचे. दोन भाकरी त्यांनी इतक्या घाईनं संपवली की मला पाण्याचा तांब्या पुढे करावा लागला. मग ते उठायला लागले.

"अजून एक शे," अक्का म्हणाल्या.

आबा परत बसले. अक्कांनी गोळा घेतला, मळला, परत मळला, आणि ती तिसरी भाकरी इतकी सावकाश थापायला घेतली की मी पदर तोंडात कोंबून परसात पळाले.